गो : इंग्रजी क्रियापद

'जाणे' या अर्थाचे इंग्रजीतील मूळ क्रियापद. रूपे : गो, गोज, वेन्ट, गॉन, गोइंग. शिकणाऱ्याला अगदी सुरुवातीलाच भेटणाऱ्या या क्रियापदाचा भूतकाळ त्याच्या स्वतःच्या धातूपासून बनलेला नाही. 'वेन्ट' हे रूप दुसऱ्या क्रियापदाकडून आले आहे.

जुन्या इंग्रजीत हे क्रियापद 'गान' असे होते. जर्मन 'गेहेन' हे त्याचे भावंड. त्याचा भूतकाळ 'एओदे' तेव्हाही परक्याच धातूचा होता. त्याच भाषेत 'वेन्दान' असे आणखी एक क्रियापद होते. त्याचा अर्थ वळणे, वळवणे. वळण्यावरून वाट धरणे आणि वाट धरण्यावरून जाणे, असा त्याचा अर्थ सरकत गेला. मध्ययुगात 'एओदे'पासून आलेले 'येदे' आणि 'वेन्दान'चे 'वेन्ट' बराच काळ शेजारी नांदले, आणि पंधराव्या शतकापर्यंत इंग्लंडच्या दक्षिण भागात 'वेन्ट' टिकले, 'येदे' मागे पडले. आपला भूतकाळ असा गमावलेल्या 'वेन्ड'साठी, म्हणजे 'वेन्दान'च्या आजच्या रूपासाठी, मग 'वेन्डेड' हे नवे रूप घडले. आज हे क्रियापद बहुधा रमतगमत वाट चालण्याच्या एका ठरीव वाक्प्रचारातच दिसते. स्कॉट्स बोलीने मात्र परके रूप न घेता 'गेड' असा नियमित भूतकाळ घडवला.

मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. आपले 'जाणे' संस्कृत 'या' धातूचे, तर 'गेला' हे 'गम्'पासूनच्या 'गत'चे. 'जाला' असे आपण म्हणत नाही, आणि का म्हणत नाही हा प्रश्नही पडत नाही. फ्रेंचमध्ये 'जाणे' या एकाच क्रियापदाची वर्तमान आणि भविष्य रूपे वेगवेगळ्या लॅटिन क्रियापदांतून आली आहेत. दिवसभर तोंडात असणारी रूपे मुलांच्या कानावर इतक्या वेळा पडतात की ती नियमात बसवण्याची गरजच उरत नाही. अनियमितपणा टिकतो तो याच शब्दांत.

अर्थाच्या बाजूने पाहता, गती हा या क्रियापदाचा आता एक भागच उरला आहे. 'गोइंग टू' ही भविष्याची रचना त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. पूर्वी 'भेटायला जात आहे' म्हणजे माणूस खरोखर निघालेला असे. निघालेल्याचा हेतू पुढच्या कृतीचा असतो, म्हणून हळूहळू पाय गळून पडले आणि हेतू उरला. १४८२ सालच्या एका मजकुरात एका आत्म्याला नरकात नेले जाणार असल्याचे या रचनेत सांगितले आहे, आणि १६४६ मध्ये जोशुआ पूलच्या व्याकरणात ती भविष्याची खूण म्हणून नोंदलेली आढळते. आज 'इट इज गोइंग टू रेन' म्हणताना कोणीच कुठे जात नसते. मराठीत ते फक्त 'पाऊस पडणार आहे'. 'आय अ‍ॅम गोइंग टू ईट'चे 'मी खायला जात आहे' असे शब्दशः भाषांतर केले, तर ताटापर्यंतची चाल मध्ये येते, जी मूळ वाक्यात नाही.

दुसरा मोठा अर्थ स्थिती बदलण्याचा. 'गो बॅड', 'गो ब्लाइंड', 'गो मॅड' : नासणे, आंधळे होणे, वेड लागणे. हे बदल बहुधा नकोसे असतात. स्वप्न खरे होते तेव्हा इंग्रजी माणूस 'कम' वापरतो. मराठीतही एखादी वस्तू 'वाया जाते', पण काम 'फळाला येते'. चांगले ते आपल्याकडे येते आणि वाईट ते दूर जाते, अशी ही बोलणाऱ्याच्या जागेवरून ठरलेली दिशा आहे.

जोडशब्दांत सर्वांत फसवे 'गो ऑफ'. गजर 'वेन्ट ऑफ' म्हणजे वाजू लागला, दिवे 'वेन्ट ऑफ' म्हणजे विझले, आणि ब्रिटिश बोलीत दूध 'वेन्ट ऑफ' म्हणजे नासले. शब्द तोच, काय सुरू झाले आणि काय संपले, हे कर्ता पाहूनच कळते. काळ सांगणारा 'अगो' हा शब्दही याच घराण्यातला. तो 'अगॉन', म्हणजे निघून गेलेला, या जुन्या रूपाचा उरलेला तुकडा आहे.

शिकणाऱ्यांची नेहमीची चूक 'गॉन' आणि 'बीन' यांत होते. 'ही हॅज गॉन टू लंडन' म्हणजे तो लंडनला गेला आहे, अजून तिकडेच आहे. 'ही हॅज बीन टू लंडन' म्हणजे तो जाऊन आला आहे. परतल्याची खबर इंग्रजी 'असणे' या क्रियापदाकडून देते, मराठी मात्र 'जाऊन' आणि 'येणे' ही दोन्ही पावले मोजून दाखवते.