सॉफ्टवेअर सिंथेसायझर व त्याचा इंटरफेस

सॉफ्टवेअर सिंथेसायझर म्हणजे आवाज घडवण्याचे सगळे काम संगणकात गणिताने करणारा प्रोग्रॅम. वादक त्याला सॉफ्टसिंथ किंवा नुसते प्लगइन, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रॅममध्ये जोडायचा प्रोग्रॅम, म्हणतात. ऑसिलेटर मूळ लहर काढतो, फिल्टर तिच्यातला काही भाग कापतो आणि आवाज कसा उठेल, टिकेल व विरेल हे एन्व्हलप ठरवतो. हार्डवेअर सिंथेसायझरमध्येही हीच साखळी असते, पण तिथे प्रत्येक नॉबला पैसे पडतात. पडद्यावर शंभर नॉब काढायला जादा खर्च नाही. त्यामुळे कोणते नियंत्रण समोर ठेवायचे आणि कोणते आतल्या पानावर ढकलायचे, हे इंटरफेस, म्हणजे पडद्यावरची नियंत्रणांची मांडणी, रचणाऱ्याच्या हाती येते. वादक काय वाजवेल हेही बऱ्याच अंशी तिथेच ठरून जाते.

मुंबईला सिंथेसायझर नवा नाही. केरसी लॉर्ड यांनी १९७०च्या दशकात मूग कंपनीचा सिंथेसायझर हिंदी चित्रपटसंगीतात आणला. १९८२ साली चरणजित सिंग यांनी इथेच रोलँड कंपनीचा ज्युपिटर-८ सिंथेसायझर, टीबी-३०३ हे बेसचे यंत्र आणि टीआर-८०८ हे ड्रमचे यंत्र घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. यांतली शेवटची दोन यंत्रे स्वीडनच्या प्रोपेलरहेड कंपनीने १९९७ मध्ये रीबर्थ या प्रोग्रॅमच्या रूपाने बटणांच्या ओळींसकट पडद्यावर उतरवली. आदल्याच वर्षी जर्मनीच्या स्टाइनबर्गने व्हीएसटी हे प्लगइनचे मानक आणले होते आणि १९९९च्या दुसऱ्या आवृत्तीपासून वाद्येही प्लगइन होऊ लागली. आज अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओत प्रोग्रामरच्या, म्हणजे संगणकावर संगीत रचणाऱ्याच्या, लॅपटॉपवर अशी वाद्ये डझनाने सापडतात.

इंटरफेस चुकला की चांगले वाद्यही अर्धवट वापरले जाते. यामाहाचा डीएक्स-७ (१९८३) हा सिंथेसायझर याचे ठळक उदाहरण. त्यात सहा ऑपरेटर, म्हणजे एकमेकांना वळण देणारे ऑसिलेटर, आणि ते जोडण्याच्या ३२ रीती होत्या, पण बदल करायला दोन ओळींचा डिस्प्ले, सपाट बटणे आणि एकच स्लायडर. एका वेळी एकच आकडा दिसे. बहुतेकांनी आतले काही न बदलता कंपनीने भरून दिलेलेच आवाज वाजवले. तेच गणित पुढे डेक्स्ड या मोफत प्लगइनमध्ये आले, तेव्हा सहाही ऑपरेटर एका नजरेत दिसू लागले.

गोल नॉब माउसने फिरवणे अवघड असते. म्हणून बहुतेक प्लगइनमध्ये नॉब धरून माउस वर-खाली ओढला की तो फिरतो. समजा, फिल्टरच्या कटऑफचा, म्हणजे जिथून तो आवाज कापू लागतो त्या जागेचा, पल्ला २० ते २०,००० हर्ट्झ आहे. सरळ प्रमाणात वाटला तर नॉबचा अर्धा फेरा १०,००० हर्ट्झच्या वरच खर्ची पडतो आणि संगीताच्या कामाचा भाग एका कोपऱ्यात चेपला जातो. म्हणून तो सप्तकांच्या हिशेबाने वाटतात. या पल्ल्यात जवळजवळ दहा सप्तके बसतात. ओढ २०० पिक्सेलची धरली तर एका पिक्सेलला सुमारे ६० सेंट, म्हणजे अर्ध्या स्वरांतराहून जास्त (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधले अंतर म्हणजे एक स्वरांतर, आणि त्याचे १०० सेंट). कान त्याहून बारीक ऐकतो. शिफ्ट दाबून ओढले की चाल सावकाश होण्याची सोय यासाठीच असते, पण पडद्यावर तिची खूण सहसा नसते आणि नवख्याला ती कुणीतरी सांगावी लागते. शिवाय नॉब हलला की नवा आकडा आवाजात हळूहळू मिसळावा लागतो. एकदम बदलला तर खरखर ऐकू येते. संगणक आवाज नमुन्यांच्या, म्हणजे सुट्या आकड्यांच्या, रूपात तुकड्यातुकड्याने काढतो. सेकंदाला ४८,००० नमुने आणि २५६ नमुन्यांचा बफर (एक तुकडा) असेल, तर पुढचा तुकडा सुमारे ५.३ मिलिसेकंदांत तयार हवा. तेवढ्या वेळात पडद्यावरच्या चित्रासाठी थांबणे परवडत नाही. म्हणून आवाजाचे काम आणि चित्राचे काम वेगळे चालवतात.

जुन्या यंत्रांची नक्कल करणारी प्लगइन लाकडी कडा आणि स्क्रूसुद्धा रंगवतात. मूळ यंत्र हाताळलेल्याला ते सोयीचे जाते, पण बाकीच्यांसाठी ती जागा वाया जाते. २०००च्या रीझन या प्रोग्रॅममध्ये टॅब दाबला की वाद्यांचा रॅक (मांडणी) उलटतो आणि मागच्या केबली दिसतात. ही नक्कल मात्र कामाची, कारण कुठला आवाज कुठे जातो ते ती दाखवते. सीरम (२०१४) आणि मोफत मिळणारा व्हायटल (२०२०) यांनी पुढची वाट धरली. त्यांत एलएफओ (नॉब आपोआप सावकाश हलवणारी लहर) ओढून नॉबवर सोडला की नॉबभोवती कमान उमटते आणि लहर डोळ्यांदेखत आकार बदलते. शिकणाऱ्यासाठी याहून चांगला मार्गदर्शक नाही.

आपल्या संगीताची अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे. फिल्टर पॅनेलच्या मधोमध असतो, पण मींड कुठे आहे? पिच-बेंडचा, म्हणजे वाजता सूर चढवण्या-उतरवण्याच्या नियंत्रणाचा, पल्ला बहुधा दोन स्वरांतरे वर, दोन खाली ठरवलेला असतो, आणि सा पासून पंचमापर्यंत जायला सात लागतात. तो वाढवण्याची जागा अनेकदा आतल्या पानावर. ग्लाइडचा नॉब समोर असतो, पण तो एका स्वरावरून दुसऱ्यावर ठरल्या वेळात नेऊन सोडतो. दरबारीतला आंदोलित कोमल गंधार त्याने निघत नाही. तो पियानो रोलच्या (स्वर ठोकळ्यांनी मांडण्याच्या तक्त्याच्या) खालच्या पट्टीत माउसने वक्ररेषा काढून घडवावा लागतो आणि वर नोट मात्र एकाच ठोकळ्यासारखी दिसते. पट्ट्यांच्या वाद्याची ही मर्यादा महाराष्ट्राला पेटीमुळे ठाऊक आहे. मींड निघत नाही या आक्षेपापायी ऑल इंडिया रेडिओने १९४० पासून तीन दशके पेटीवर बंदी ठेवली होती. पेटीची मर्यादा तिच्या घडणीत आहे. सॉफ्टसिंथला कोणताही सूर काढता येतो, त्याला अडवतो तो इंटरफेस, आणि इंटरफेस बदलता येतो. २०१८ मध्ये मान्य झालेल्या एमपीई या, वाद्याला स्वर कळवण्याच्या पद्धतीत प्रत्येक स्वराला स्वतःचा चॅनेल आणि ४८ स्वरांतरांपर्यंतचा बेंड मिळतो. सर्जसारख्या मुक्तस्रोत प्लगइनमध्ये स्वरांची फाइल घालून पट्ट्या हव्या त्या श्रुतींवर लावता येतात. तानपुऱ्याची ॲप्स काळी एक, पांढरी पाच असा सूर निवडू देतात आणि तो सेंटच्या हिशेबाने चढवू-उतरवू देतात. मोठ्या प्लगइननी ही सोय पहिल्या पानावर आणायला हवी.

स्टुडिओत घाईच्या वेळी सगळ्यांत जास्त वापर प्रीसेटच्या, म्हणजे आधीच तयार आवाजांच्या, यादीचा होतो. तिथे शोध आणि नीट वर्गवारी असली की काम भागते.

अंध वादकांकडे मात्र फार काळ दुर्लक्ष झाले. पेटीची पट्टी बोटांनी चाचपता येते. प्लगइनचा नॉब हे नुसते चित्र, पडद्यावरचे वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला त्यात काहीच सापडत नाही. प्लगइन बांधण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ज्यूस या चौकटीत २०२१ पासून स्क्रीन रीडरची सोय आली आणि सर्जच्या एक्सटी या आवृत्तीने ती वापरून आपली नियंत्रणे नावानिशी व किमतीसह वाचून दाखवायला सुरुवात केली. जी प्लगइन आपला इंटरफेस अजून चित्रांतूनच उभा करतात, ती अंध वादकाला कीबोर्डवर वाजवता येतात, पण त्यांचा आवाज बदलायला डोळस माणूस शेजारी लागतो.