अंगण केव्हा झाडायचं, ते देठ ठरवतो

थंडीने पानं मरतात आणि म्हणून गळतात, असा सर्रास समज आहे. तो खरा असता, तर उन्हाळ्यात वादळाने मोडलेल्या फांदीची पानंही सुकल्यावर गळून पडली असती. पण अशी फांदी झाडावर लोंबकळत राहिली, तर तिची तपकिरी पानं पानगळ संपली तरी चिकटून असतात. पान गाळणं हे जिवंत झाडाचं काम आहे, मेलेल्या फांदीला ते जमत नाही. शरदातल्या साफसफाईचं वेळापत्रक आखताना कॅलेंडरपेक्षा हे काम कुठवर आलंय, ते बघावं.

देठ फांदीला जिथे टेकतो तिथे लहान पेशींचा पातळ पट्टा असतो, त्याला विलगन-क्षेत्र म्हणतात. पानाच्या पात्यातून ऑक्सिन हे संप्रेरक देठाकडे वाहत असतं. तो ओघ चालू आहे तोवर पट्ट्यातल्या पेशी इथिलीन या दुसऱ्या, वायुरूप संप्रेरकाला दाद देत नाहीत. दिवस लहान होऊ लागले की झाड हरितद्रव्य मोडायला घेतं आणि पानातलं साधारण निम्मं नत्र व स्फुरद परत ओढून घेतं. ऑक्सिन आटतं, इथिलीनचा अंमल सुरू होतो आणि पट्ट्यातल्या पेशी दोन प्रकारची विकरं (एन्झाइम) सोडतात. सेल्युलेज पेशीभित्तीतलं सेल्युलोज तोडतं. पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज हे शेजारच्या पेशींना सांधणारं पेक्टिन विरघळवतं. सांधा खिळखिळा झाला की पान केवळ पाणी वाहणाऱ्या चिवट नळ्यांवर लटकतं. वाऱ्याला तेवढ्याच तोडायच्या उरतात. फांदीच्या बाजूला सुबेरिन या मेणचट द्रव्याचा थर बसून जखम बंद होते. हॉर्स चेस्टनटच्या फांदीवरचा वण जवळून बघा: घोड्याच्या नालेतल्या खिळ्यांसारखे ठिपके दिसतात, ती त्या तुटलेल्या नळ्यांची तोंडं.

ही प्रक्रिया प्रत्येक जातीत वेगळ्या वेळी संपते. अ‍ॅश आणि अक्रोड लवकर मोकळे होतात. गिंको एका कडक दहिवरानंतर बहुतेक पानं एकदमच टाकतो. ओक रेंगाळतो, कोवळे ओक आणि बीच तर सुकी पानं वसंतापर्यंत सोडत नाहीत. विलगन पुरं होण्याआधीच कडाक्याची थंडी पडली, तर पानं जागच्या जागी गोठून मरतात आणि पुढे कित्येक आठवडे थोडी थोडी पडत राहतात. म्हणून सगळं एकाच सुट्टीत उरकायचा बेत बहुधा फसतो. पहिली फेरी निम्मी पानं पडल्यावर, दुसरी उशिराचं झाड मोकळं झाल्यावर, असं धरावं.

वेळेचा अंदाज घ्यायचा तर 10 चौरस मीटर जागा दाताळ्याने ओढून घड्याळ बघा, एकूण क्षेत्रफळाच्या हिशेबात गुणा आणि उचलून नेण्यासाठी निम्मा वेळ आणखी धरा. हे मोजमाप कोरड्या पाचोळ्याचं. ओला पाचोळा कितीतरी जड होतो, थरांनी चिकटतो आणि दाताळ्याच्या दातांत अडकतो. पावसानंतर एक-दोन कोरडे दिवस जाऊ द्यावेत. ढीग घमेल्याने उचलत बसू नये, ताडपत्रीवर ओढून न्यावा.

हिरवळीवर पातळ थर असेल तर उचलूच नका. गवत कापायचं यंत्र 7-8 सेंटिमीटर उंचीवर ठेवून दोनदा फिरवा, चुरा गवतात उतरतो. त्यानंतरही निम्मं गवत झाकलेलं दिसलं, तर उरलेलं काढा. जाड ओल्या थराखाली उजेड पोचत नाही, हवा खेळत नाही आणि बुरशी धरते.

कंपोस्टमध्ये घोटाळा होतो तो कर्ब-नत्राच्या प्रमाणाचा. झाडाने नत्र आधीच काढून घेतलेलं असल्याने सुक्या पानांत हे प्रमाण 40 ते 80 ला 1 असतं. जिवाणूंना हवं 25 ते 30 ला 1. नुसत्या पानांचा ढीग म्हणूनच थंड पडतो. ताजं कापलेलं गवत मिसळा, ढीग किमान 1 मीटर लांब-रुंद-उंच ठेवा, ओल पिळलेल्या फडक्याइतकी. डब्यातली ‘जादूई’ कंपोस्ट पावडर हवीच असं नाही, जिवाणू पानांवर मुळातच असतात. ओकच्या पानांनी माती आंबट होते हीसुद्धा ऐकीव गोष्ट. कुजल्यावर ती आम्लता जवळपास उरत नाही.

सफरचंदाखालची पानं मात्र वेगळी काढा. खपली रोगाची बुरशी त्यांतच हिवाळा काढते आणि वसंतात बीजाणू उडवते. फुलझाडांचे पोकळ दांडे याउलट वसंतापर्यंत राहू द्यावेत, त्यांत एकट्याने राहणाऱ्या मधमाश्यांची पिल्लं असतात. आणि जाळणं नकोच. दमट पाचोळा धुमसतो, त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्यं असतात.

छताच्या पन्हळी सगळ्यात शेवटी, पण पाणी गोठायच्या आत. वरचा पाचोळा हाताने काढून बादलीत टाका, मग पाणी सोडून उभा नळ वाहतो का बघा. तुंबला असेल तर खालच्या तोंडातून मोकळा करा. वरून रेटलात तर बोळा वळणात घट्ट बसतो.