दोनशे पन्नास आले कुठून?

समजा, रावेरकडच्या एका केळीच्या बागेत हवामान मोजायला छोटा लिनक्स बोर्ड बसवला आहे. तापमान, आर्द्रता आणि हवेचा दाब मोजणारी बीएमई२८० ही चिप त्याला वायरने जोडलेली. मेच्या उन्हात वायरचा जोड सुटला. बोर्ड पुन्हा सुरू केल्यावर नोंदीत ओळ दिसते: अनोळखी चिप, क्रमांक २५०. बसवणारा म्हणतो, "भाऊ, सेन्सरच दुसरा आलाय, बदलावा लागेल." बदलला, तरी २५०च.

वायर तर तुटलेली. उत्तर द्यायला पलीकडे कुणीच नाही. मग हा आकडा दिला कुणी?

ही चिप आय-टू-सी या दोन तारांच्या जोडणीवर बोलते. तिथे प्रत्येक चिपला सात बिटांचा, म्हणजे सात ०-१ अंकांचा पत्ता असतो. हिचा ११८ किंवा ११९. बोर्ड एका तारेवर ठोके देतो आणि दुसरीवर पत्ता पुकारतो. सात बिटे पत्त्याची, आठवे वाचायचे की लिहायचे ते सांगणारे. नवव्या ठोक्याला त्या पत्त्याची चिप तार खाली ओढते, म्हणजे तिच्यावरचा व्होल्टेज उतरवून हजेरी लावते. कुणीच ओढली नाही, तर तार वरच राहते आणि कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ड्रायव्हरला, म्हणजे या चिपसाठी लिहिलेल्या प्रोग्रामला, ऋण आकडा देतो. बहुधा −६: या पत्त्यावर कुणी नाही. चिप असेल तर तिचा ओळख क्रमांक येतो, बीएमई२८०चा ९६.

आता समजा, ड्रायव्हरमध्ये हे उत्तर आठ बिटांच्या चलात, म्हणजे आकडा ठेवायच्या जागेत, ठेवले आहे आणि त्यात फक्त ० ते २५५ एवढेच मावते. −६ त्यात शिरला की २५६ वजा ६, म्हणजे २५० होतो. पुढची ओळ विचारते, "उत्तर शून्याहून कमी आहे का?" ते कधीच नसणार, म्हणून २५० हाच चिपचा क्रमांक समजला जातो. कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा कंपायलर अशा तुलनेवर बोट ठेवू शकतो, पण तो इशारा सहसा बंद असतो.

दुरुस्ती एका शब्दाची: चलाचा प्रकार सांगणारा 'यू८' (आठ बिटे, ऋण आकडे नाहीत) काढून 'इंट' (ऋण आकडेही मावतात) लिहायचे. ही दुरुस्ती तपासणाऱ्याचे काम मात्र इथून सुरू होते. हेच चल पुढे आठ बिटे गृहीत धरणाऱ्या फंक्शनला दिले आहे का? मूळ एरर जशीच्या तशी वर जाते, की सरसकट −१९, "उपकरण नाही", असे सांगून मोकळे होतात? हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. −११० म्हणजे वेळ संपली. तेव्हा चिप जागेवर असून तारच अडकलेली असू शकते, आणि शोध वेगळ्या दिशेने घ्यावा लागतो. त्याच ड्रायव्हरमध्ये असे वाचन आणखी कुठे आहे? आणि वायर काढून खरोखर चालवून पाहिले का? चिप जोडून केलेल्या चाचणीत ही चूक दिसणारच नाही.

शेवटी दुरुस्तीसोबतच्या टिपेतली 'फिक्सेस' ही ओळ. चूक ज्या बदलातून आली, त्याच्या ओळखखुणेची पहिली १२ अक्षरे तिथे लिहितात. त्यावरून जुन्या, अजून वापरात असलेल्या कोणकोणत्या कर्नेलमध्ये दुरुस्ती न्यायची ते ठरते, म्हणून ती अक्षरेही ताडून पाहायची.