अंतराळात गेलेला जनरल बंडखोरांना मिळाला, पण त्याच्या मागे फौज का नाही गेली?

५ ऑगस्ट २०१२ ला बातमी आली की सीरियाचे पहिले अंतराळवीर, हवाई दलातले जनरल मोहम्मद फारिस, बायकोमुलांना घेऊन तुर्कस्तानात पोचले. आधीचे निसटायचे प्रयत्न फसले होते. या वेळी जाताना अलेप्पोत फ्री सीरियन आर्मीच्या, म्हणजे सरकारविरुद्ध लढणाऱ्या फौजेच्या, मुख्यालयात थांबले, आपण बंडखोरांच्या बाजूने आहोत असं जाहीर केलं आणि मग सीमा ओलांडली. अलेप्पो म्हणजे त्यांचं स्वतःचं गाव, आणि तिथे तेव्हा गल्लोगल्ली लढाई चालू होती.

फारिस हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही, पण राकेश शर्मा ज्या वाटेने अंतराळात गेले त्याच वाटेने हेही गेले. सोव्हिएत संघाचा इंटरकॉसमॉस कार्यक्रम होता, मित्रदेशांच्या माणसांना आपल्या यानातून न्यायचा, त्यात शर्मा १९८४ च्या एप्रिलमध्ये सॅल्यूट ७ या अंतराळस्थानकावर गेले आणि फारिस २२ जुलै १९८७ ला सोयूझ टीएम-३ मधून मीर स्थानकावर. जवळपास आठ दिवस होते ते वर. धातू वितळवायचे, स्फटिक वाढवायचे प्रयोग, वरून सीरियाचे फोटो काढणं अशी कामं होती, आणि प्रयोगांना नावं दिली होती पाल्मायरा, युफ्रेटिस, बोसरा अशी सगळी सीरियाच्या मातीतली.

या मोहिमेतली एक गोष्ट सांगायलाच हवी. मीरवर तेव्हा रोमानेन्को आणि लावेइकिन हे दोघे दीर्घ मुक्कामाला होते, पण लावेइकिनच्या ईसीजीमध्ये गडबड दिसली म्हणून डॉक्टरांनी त्याला मुदतीआधीच परत बोलवायचं ठरवलं. मग फारिससोबत वर गेलेला अलेक्सांद्रोव्ह त्याच्या जागी थांबला आणि लावेइकिन ३० जुलैला फारिसच्या बरोबर खाली आला. म्हणजे यानातल्या तीन खुर्च्यांपैकी एकीतला माणूसच बदलला, ते पण हृदयाच्या ठोक्यांवरून.

फारिस परतले ते राष्ट्रीय हिरो होऊन. अंतराळातून ते राष्ट्राध्यक्ष हाफिज अल-असद यांच्याशी बोलले होते आणि ते टीव्हीवर सगळ्या देशाने बघितलं होतं. सोव्हिएत संघाने हिरो ऑफ द सोव्हिएत युनियन हा किताब दिला. नंतर मुलाखतींमध्ये त्यांनी सांगितलं की आपण देशात अंतराळविज्ञानाची संस्था काढा म्हणून असदकडे मागणी केली होती आणि ती नाकारली गेली. मला या माणसाबद्दल सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते इथे. अख्ख्या देशात अंतराळाचा अनुभव असलेला एकच माणूस, आणि त्याने पुढची पोरं तयार करतो म्हटलं तर तेही नको.

२०११ मध्ये हाफिजचा मुलगा, राष्ट्राध्यक्ष बशर अल-असद याच्या सरकारविरुद्ध निदर्शनं सुरू झाली तेव्हा फारिस आणि त्यांची बायको दमास्कसमधल्या शांततेच्या मोर्च्यांना गेले. मग सरकारने लोकांवर गोळ्या चालवल्या, पुढे शहरांवर विमानं आणि हेलिकॉप्टरं सोडली, आणि ज्या हवाई दलात आयुष्य गेलं तेच दल आपल्या गावावर बॉम्ब टाकतंय हे बघायची वेळ या माणसावर आली.

आता प्रश्न असा की इतका मोठा, इतका प्रसिद्ध अधिकारी उठून गेला तर बाकीचं सैन्य ढासळायला हवं होतं ना? आणि ते एकटे नव्हतेच. कर्नल रियाद अल-असद (आडनाव सारखं दिसतं पण राष्ट्राध्यक्षांच्या घराण्याशी संबंध नाही) जुलै २०११ मध्येच फुटले होते आणि त्यांनीच फ्री सीरियन आर्मीची घोषणा केली होती. जुलै २०१२ मध्ये राजवटीच्या रक्षणासाठीच्या खास दलाचे, रिपब्लिकन गार्डचे, ब्रिगेडियर जनरल मनाफ त्लास देश सोडून गेले, त्यांचे वडील तीस वर्षं संरक्षणमंत्री होते. फारिस गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान रियाद हिजाब फुटल्याची बातमी आली. तेव्हा सगळ्या जगाला वाटत होतं की आता काही आठवड्यांचाच प्रश्न आहे, पण बशर अल-असद त्यानंतर बारा वर्षं टिकला.

याचं उत्तर शोधायला समाजशास्त्रातलं एक साधं गणित फार कामाला येतं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी ते १९७८ मध्ये मांडलं. समजा चौकात १०० माणसं आहेत आणि प्रत्येकाचा एक थ्रेशोल्ड आहे, म्हणजे आधी किती जणांनी दगड उचलला की मी उचलीन तो आकडा. एकाचा शून्य, तो कुणाची वाट बघत नाही. दुसऱ्याचा १, तिसऱ्याचा २, असं करत शेवटच्याचा ९९. शून्यवाला सुरुवात करतो, त्याला बघून १ वाला, दोघांना बघून २ वाला, आणि बघता बघता शंभरच्या शंभर जण दंगलीत. आता यात फक्त एक बदल करा, १ वाल्या माणसाचा थ्रेशोल्ड २ करा, बाकी सगळे जसेच्या तसे. शून्यवाला दगड मारतो आणि पुढे कुणीच हलत नाही, कारण एकाला बघून हलणारा माणूसच उरला नाही. माणसं जवळपास तीच, राग तेवढाच, पण एकदा शहर पेटतं आणि एकदा फक्त एक वेडा पकडला जातो.

सैन्यात हेच होतं, फक्त दगडाच्या जागी जीव पणाला असतो. प्रत्येक अधिकारी मनातल्या मनात हिशोब करत असतो की मी गेलो तर माझ्या मागे कोण येईल. शेजारच्या युनिटचा कर्नल पण वैतागलाय हे त्याला वाटत असतं पण विचारायची सोय नसते, कारण विचारलं आणि त्याने वर कळवलं तर संपलंच. म्हणून सगळे कुंपणावर. अशा वेळी फारिससारखा माणूस जातो तेव्हा तो टँक किंवा विमानं घेऊन जात नाही, त्याच्या हाताखाली तेव्हा लढणारी ब्रिगेड नव्हतीच. तो उघड करतो ती माहिती, की वरच्या लोकांचा पण विश्वास उडालाय. आणि हे सगळ्यांना एकाच वेळी कळतं, शिवाय सगळ्यांना कळलंय हेही सगळ्यांना कळतं, खरी ताकद यात असते.

मेख अशी की हे असद घराण्याला चांगलंच ठाऊक होतं. सीरियात एकट्या १९४९ मध्ये तीन लष्करी उठाव झाले होते, आणि हाफिज अल-असद स्वतः हवाई दलाचा अधिकारी, १९७० मध्ये उठाव करूनच सत्तेवर आलेला. त्याने नंतर सैन्य असं बांधलं की परत कुणाला ते जमू नये. अभ्यासक याला कू-प्रूफिंग म्हणतात. मोक्याच्या जागांवर असद घराण्याच्याच अलवी समाजातले, नात्यातले लोक, चौथी आर्मर्ड डिव्हिजन बशरच्या सख्ख्या भावाच्या, माहिरच्या हाताखाली, आणि वर वेगवेगळ्या गुप्तहेर यंत्रणा, मिलिटरी इंटेलिजन्स वेगळी, हवाई दलाची वेगळी, आणखी दोन वेगळ्या, सगळ्या एकमेकींवर पण डोळ्यात तेल घालून नजर ठेवणाऱ्या. बऱ्याच अधिकाऱ्यांची घरं दमास्कसजवळच्या लष्करी वसाहतींमध्ये, म्हणजे तुम्ही आघाडीवरून पळालात तर बायकोपोरं त्यांच्याच ताब्यात. गणिताच्या भाषेत सांगायचं तर ज्यांचा थ्रेशोल्ड १, २, ३ असू शकला असता त्यांचा तो मुद्दाम ओढून वर नेला होता.

आणि जो पळाला त्याचं काय होतं ते पण दाखवलं जायचं. लेफ्टनंट कर्नल हुसेन हरमूश, उघडपणे फुटणाऱ्या पहिल्या अधिकाऱ्यांपैकी एक, जून २०११ मध्ये तुर्कस्तानात गेला होता, ऑगस्टच्या शेवटी तिथून गायब झाला आणि सप्टेंबरमध्ये सीरियाच्या सरकारी टीव्हीवर कबुलीजबाब देताना दिसला. ते बघून किती कर्नल गप्प बसले असतील! टीव्ही दोन्ही बाजूंनी काम करतो. १९८७ मध्ये त्याच टीव्हीवर फारिस हसत होते.

त्यामुळे सीरियात माणसं फुटली पण बहुतेक करून एकेकटी, रात्री गुपचूप, कुटुंब आधी बाहेर काढून. अख्खी डिव्हिजन झेंड्यासकट फुटली असं तिथे झालं नाही. येमेनमध्ये मात्र नेमकं तेच झालं होतं. २१ मार्च २०११ ला जनरल अली मोहसिन अल-अहमर यांनी आंदोलकांना पाठिंबा दिला आणि त्यांची पहिली आर्मर्ड डिव्हिजन त्यांच्यासोबत राहिली, राजधानी सनाच्या रस्त्यावर त्यांचे टँक आंदोलकांच्या रक्षणाला उभे राहिले. मोहसिनचे सैनिक त्यांचे स्वतःचे होते, वर्षानुवर्षं त्यांनीच पोसलेले. सीरियात कुठल्याही जनरलला आपले सैनिक इतके आपले करूच दिले नव्हते.

फुटून गेल्यावर तरी सुख असतं का, तर नाही. लिबियात गृहमंत्री जनरल अब्दुल फताह युनिस फेब्रुवारी २०११ मध्ये बंडखोरांना मिळाले, त्यांचे लष्करप्रमुख झाले, आणि जुलैमध्ये बंडखोरांच्याच बाजूच्या लोकांकडून मारले गेले. काल ज्याने आपल्यावर गोळ्या चालवल्या त्याच्यावर आज विश्वास कसा ठेवायचा, हा बंडखोरांचा प्रश्न पण खोटा नाही. सीरियातल्या फुटलेल्या अधिकाऱ्यांना तुर्कस्तानात हाताय प्रांतात अपायदिन नावाच्या वेगळ्या छावणीत ठेवलं होतं, युद्धशास्त्र शिकलेली माणसं तंबूत बसून होती आणि तिकडे लढाई दुसऱ्याच लोकांच्या हातात जात होती. फारिस निर्वासितांसाठी बोलत राहिले. १९ एप्रिल २०२४ ला तुर्कस्तानातल्या गाझियानतेपमध्ये त्यांचं निधन झालं आणि सीरियाच्या उत्तरेला अझाझमध्ये, बंडखोरांच्या ताब्यातल्या भागात, त्यांना दफन केलं.

त्यानंतर आठ महिन्यांच्या आत जे घडलं ते ग्रॅनोव्हेटरच्या शंभर माणसांसारखंच होतं. २७ नोव्हेंबर २०२४ ला बंडखोरांनी हल्ला सुरू केला, तीन-चार दिवसांत अलेप्पो पडलं, ५ डिसेंबरला हमा, मग होम्स, आणि ८ डिसेंबरला दमास्कस. या वेळी कुणा मोठ्या जनरलने घोषणा केली नव्हती. तुटपुंज्या पगारावर वर्षानुवर्षं अडकलेले साधे सैनिक गणवेश रस्त्यात टाकून घरी निघाले, आणि असदला सांभाळणारे रशिया, इराण, लेबनॉनमधली हिजबुल्ला संघटना आपापल्या लढायांमध्ये गुंतलेले असल्याने त्यांना रोखायला मागे कुणी नव्हतं. जनरल लोकांवर नजर ठेवायला चार यंत्रणा होत्या, पण हजारो शिपाई एकाच वेळी उठून चालायला लागले तर काय करायचं याची तयारी त्या सैन्यात कुणी केलेली नव्हती.