न्यूट्रिशन कोचच्या सर्टिफिकेटमधलं प्रॅक्टिकल: पार्श्वभूमी

आहारतज्ज्ञांच्या शिक्षणात प्रॅक्टिकल आधीपासून आहेच. अमेरिकेत त्यांची संघटना १९१७ ला उभी राहिली, रजिस्ट्रेशन १९६९ पासून, आणि आपल्याकडेही आरडी (रजिस्टर्ड डाएटिशियन) व्हायचं तर सहा महिन्यांची इंटर्नशिप लागते. डॉक्टरांसाठी स्कॉटलंडमधल्या डंडीत १९७५ च्या सुमारास एकेका टेबलावर पेशंट बसवून मार्क द्यायची पद्धत निघाली, ती आता जगभर चालते.

घोळ झाला तो कोच मंडळी आल्यावर. अमेरिकेत हेल्थ आणि वेलनेस कोचसाठी २०१७ ला राष्ट्रीय परीक्षा सुरू झाली, तिला बसायला मान्यताप्राप्त कोर्स आणि निदान ५० सेशनची नोंद लागते, एकेक सेशन कमीत कमी २० मिनिटांचं. परीक्षा मात्र एमसीक्यूची, आणि कोच माणसाशी बोलतो कसा हे बघून मार्क द्यायचं काम कोर्स चालवणाऱ्या संस्थांवरच सोडलं. एवढ्या उमेदवारांची सेशन्स बघायला परीक्षक कुठून आणायचे आणि दोन परीक्षकांचे मार्क जुळणार कसे, ही अडचण खरी आहे, पण ज्यांनी फी घेतली त्यांनीच पास करायचं हे मला अजिबात पटत नाही.

कारण चुका होतात त्या बोलतानाच. समोरच्या बाई म्हणतात दोन पोळ्या आणि वाटीभर भात, तर वाटी केवढी, पोळीला तेल किती, दिवसात चहा किती वेळा हे विचारलंच नाही तर सगळा हिशोब चुकतो. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात ३५० च्या आसपास कॅलरी आणि तेवढ्याच वजनाच्या शिजलेल्या भातात साधारण १३०, हे पेपरात बरोबर टिक करणारे समोर माणूस बसला की नेमकं हेच विचारायचं विसरतात. आणि मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेले काका म्हणाले की चातुर्मासात एकवेळच जेवणारे, तर डाएट प्लॅन बाजूला ठेवून आधी त्यांना डॉक्टरकडे पाठवायला हवं, कारण काही गोळ्यांवर उपाशी राहिलं की साखर एकदम खाली जाते. हे जमतं की नाही ते कुणीतरी शेजारी बसून बघितल्याशिवाय कळत नाही.

आपल्याकडे २०२० च्या लॉकडाऊननंतर ऑनलाइन सर्टिफिकेटं भराभर निघाली, व्हिडिओ बघा, क्विझ द्या, पीडीएफ घ्या. आरोग्य क्षेत्रातल्या व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्यात डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट आले, कोच नाही, त्यामुळे प्रॅक्टिकल घ्यायचं की नाही हे अजून ज्या त्या संस्थेच्या मर्जीवर आहे.