बहुमूत्रता (जास्त लघवी होणं)

बहुमूत्रता म्हणजे अंगात लघवीच जास्त तयार होणं. मोठ्या माणसाला दिवसरात्रीत साधारण 1 ते 2 लिटर लघवी होते, 3 लिटरच्या वर गेली की डॉक्टर तिला बहुमूत्रता म्हणतात. आपल्या मराठवाड्यात मात्र कुणी सारखं उठायला लागलं की सरसकट "लघवीचा त्रास" म्हणून मोकळे होतात आणि घोटाळा तिथंच होतो. परभणी-नांदेडकडं पारा 42-43 ला टेकला की उन्हाळी लागते, थेंब थेंब, पिवळी, जळजळ, तर ही बहुमूत्रता नाहीच, उलट अंगात पाणी कमी पडलेलं असतं. धन्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, ताक यानं बरं वाटतं, पण जळजळ थांबेना किंवा थंडी-ताप आला तर इन्फेक्शन आहे का ते तपासावं. म्हाताऱ्या पुरुषांत प्रोस्टेट (लघवीच्या पिशवीखालची ग्रंथी) वाढली की धार बारीक होते, पिशवी पूर्ण रिकामी होत नाही, म्हणून फेऱ्या वाढतात, एकूण लघवी तेवढीच.

म्हणून आधी मोजायचं. सकाळची पहिली लघवी सोडून द्यायची, तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंतची (तीही धरून) सगळी मापाच्या भांड्यात मोजून लिहायची, पाणी-चहा किती झाला तेही लिहायचं. लाज वाटते खरी, पण डॉक्टरला या कागदाचा लई उपयोग होतो.

खरंच जास्त निघाली तर पहिला संशय शुगरचा. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की किडनीला ती सगळी परत ओढता येत नाही, मग साखर लघवीत उतरते आणि पाणीही सोबत नेते, त्यानं तहान लागते, माणूस पाणी पितो, पुन्हा लघवी. आयुर्वेदात प्रमेहाचे (लघवीच्या विकारांचे, मधुमेह त्यातलाच) 20 प्रकार आहेत, त्यांचं मुख्य लक्षणही भरपूर आणि गढूळ लघवी हेच, आणि लघवीला मुंग्या लागतात ही जुन्या माणसांची खूण त्यातलीच. उपाशीपोटी शुगर 126 किंवा जास्त आली तर मधुमेह धरतात, बहुतेक वेळा परत तपासून. जांभळाच्या बियांची पावडर सुरू करून गोळ्या बंद करणारे गावोगाव भेटतात, तसलं करू नये.

बाकी कारणांत सूज उतरवायच्या आणि बीपीच्या काही गोळ्या, शुगरची डॅपाग्लिफ्लोझिनसारखी औषधं (ती साखर लघवीवाटेच काढतात, त्यामुळं लघवी वाढणारच), लिथियम (मनाच्या आजारावरचं औषध), रक्तात वाढलेलं कॅल्शियम. क्वचित मेंदूतून येणारं, लघवी आवरणारं हार्मोन कमी पडतं, त्यावर डेस्मोप्रेसिन देतात.

सगळ्यात वाईट उपाय म्हणजे पाणी तोडणं. ऊसतोडीला गेलेल्या बाया फडात आडोसा नसतो म्हणून पाणीच कमी पितात आणि मग इन्फेक्शन, मुतखडा मागं लागतो. शुगर वाढलेल्यानं पाणी तोडलं तर तो कोरडा पडून दवाखान्यातच जाणार. रात्रीच्या फेऱ्या कमी करायच्या तर दिवसा पोटभर पाणी प्यावं आणि झोपायच्या 2-3 तास आधी पाणी-चहा आटोपता घ्यावा, लोणचं-पापड-ठेच्याचं मीठ कमी करावं, पायावर सूज असेल तर दुपारनंतर थोडा वेळ पाय उंचावर ठेवून पडावं, कारण दिवसा पायात साठलेलं पाणीच रात्री लघवीतून निघतं. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळऐवजी सकाळी चालेल का हे डॉक्टरला विचारावं.

अंथरूण कोरडं ठेवणारं लेकरू अचानक ओलं करायला लागलं, सारखं पाणी मागतंय, वाळत चाललंय, तर नजर लागली म्हणून मीठ-मोहऱ्या उतरवत बसू नये. टाईप 1 मधुमेह असू शकतो, त्याच दिवशी शुगर तपासावी, आणि उलट्या किंवा जोरात श्वास सुरू झाला तर थेट मोठ्या दवाखान्यात न्यावं.