चंदेरी मेटॅलिक रंगाचे पॉलिश (मोटारगाडी)

मोटारगाडीच्या चंदेरी मेटॅलिक रंगावरील पारदर्शक थर (क्लिअर कोट) अतिसूक्ष्म अपघर्षकाने घासून त्यावरील जाळीसारखे ओरखडे काढण्याची क्रिया. गॅरेजमध्ये तिला 'बफिंग' किंवा 'रबिंग' असेही म्हणतात.

धातूची झाक असलेल्या रंगांचा आरंभ कोठून मानावा, याविषयी मतभेद आहेत. सतराव्या शतकात पॅरिसमध्ये बनावट मोत्यांना झळाळी देण्यासाठी माशांच्या खवल्यांचा अर्क वापरीत. त्यातील चकाकी ग्वानिन या सेंद्रिय पदार्थाच्या स्फटिकांची असते, आणि कोकणातील तारलीच्या अंगावरची रुपेरी चमकही ग्वानिनाचीच आहे. मोटारींच्या आरंभीच्या झगमगत्या रंगांतही, बहुधा १९२० च्या दशकाच्या अखेरीस, असा अर्क वापरला गेला. तो महाग असल्याने पुढे अ‍ॅल्युमिनियमच्या सूक्ष्म चकत्या रूढ झाल्या. ग्वानिन हा धातू नसल्याने मेटॅलिक रंगाचा आरंभ या चकत्यांपासून धरणे अधिक सयुक्तिक दिसते. चकत्यांचा बेस कोट व त्यावर क्लिअर कोट ही दुहेरी पद्धत साधारणतः १९८० च्या दशकात सर्वत्र पसरली.

पॉलिश चकत्यांना स्पर्श करीत नाही. ते केवळ क्लिअर कोटावर चालते, आणि तो सामान्यतः ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे केसाहूनही पातळ असतो. उन्हात किंवा दिव्याखाली ओरखडे कोळ्याच्या जाळ्यासारखे गोलाकार दिसतात, म्हणून फडके गोल फिरवल्यानेच ते पडतात असा समज आहे. तो अपुरा आहे. ओरखडे सर्व दिशांना असतात, परंतु प्रकाशाला आडवे असलेलेच चमकतात. दिवा हलवला की वर्तुळांचे केंद्रही त्याच्याबरोबर सरकते. काळ्या गाडीवर ते लगेच उठून दिसतात. चंदेरी रंगात चकत्या स्वतःच पुष्कळ प्रकाश परतवीत असल्याने रेषा लपतात आणि दोष केवळ दुधाळ मंदपणाच्या रूपाने जाणवतो, त्यामुळे तो बहुधा उशिरा लक्षात येतो.

कोकणपट्टीत या ओरखड्यांचे एक मोठे कारण जांभ्याची तांबडी धूळ हे होय. तीत लोहाची ऑक्साइडे व क्वार्ट्‌झचे कण असतात आणि ते क्लिअर कोटापेक्षा कठीण असतात. सकाळी बोनेटवरील धूळ कोरड्या फडक्याने पुसली की तेच फडके पॉलिशपेपरचे काम करते. म्हणून आधी भरपूर पाण्याने धूळ व खाऱ्या वाऱ्याने बसलेले मीठ वाहवून, मगच शाम्पूच्या पाण्याने हलक्या हाताने धुणे हे कोणत्याही पॉलिशपेक्षा महत्त्वाचे आहे. हापूसच्या झाडाखाली उभ्या केलेल्या गाडीवर पडलेला चीक वेळीच न धुतल्यास थरात रुतू शकतो. असा खोल डाग पॉलिशने पूर्ण जाईलच असे नाही.

धुतल्यानंतर क्ले बारने (मऊ मातीसारखी वडी) चिकटलेले कण काढतात, आणि बोनेटच्या एका कोपऱ्यात सर्वांत सौम्य पॉलिश व मऊ फोम पॅड यांनी चाचणी घेऊन, ती अपुरी पडली तरच कंपाउंडकडे (अधिक खरखरीत अपघर्षक) वळतात. केवळ गोल फिरणारे रोटरी यंत्र जलद काम करते, परंतु नवख्या हाती ते उन्हात हलणारे धुरकट पट्टे मागे ठेवते. फिरता फिरता डोलणारे ड्युअल अ‍ॅक्शन यंत्र त्या मानाने सुरक्षित आहे. कडांवर थर पातळ असल्याने तेथे यंत्र टेकवीत नाहीत. शेवटी मेण किंवा सीलंट (कृत्रिम संरक्षक लेप) लावतात.

जुन्या, क्लिअर कोट नसलेल्या एकेरी चंदेरी रंगावर पॅड करडे-काळे होते, कारण तेथे अ‍ॅल्युमिनियमच्याच चकत्या घासल्या जातात. बेस कोट व क्लिअर कोट असलेल्या गाडीवर हाच करडेपणा दिसला, तर क्लिअर कोट संपला असे समजून यंत्र तत्काळ थांबवावे लागते. पुढचा उपाय पुन्हा रंगवणे हाच असतो.